सुभेदारांचा सिक रिपोर्ट

कडेगाव
८ जून २०२५

प्रिय ऋषिराज,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, आबांनी दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आपल्या पत्त्यावर टाकलं. तसं नाही, तुलाच लिहितोय. गेल्या वर्षी मार्चमध्ये रजेचे चार दिवस शिल्लक ठेवून तू निघून गेलास, तेव्हापासून आपण दोघं बोललेलो नाही. तुझा फोन आला की तुझी आई तो घेऊन परड्यात जाते. मग सूनबाई क्रांती बोलते, मग तुमची राजनंदिनी बोलते. मी ओट्यावर पेपर वाचत बसतो. तुमचं बोलणं लांबतं, त्यामुळे एकच पेपर दोनदा वाचून होतो.

पत्राचं निमित्त तुझी आईच. काल म्हणाली, "आवं, पोरगं तिकडं डोंगरात बसलंय आनि तुमी हितं फुगून बसलाय. चार वळी लिवल्या तर हात झिजंल व्हय?" हात झिजणार नाही हे मला पटलं, म्हणून वही काढली.

घरचं सांगतो. ऊस कमरेला लागलाय. पुढच्या सोमवारी शाळा सुरू होतेय, राजनंदिनी दुसरीत जाईल. तिला मोटरसायकलवरून मीच सोडायचं असं ठरलंय, म्हणजे तिनंच ठरवलंय. क्रांती शिलाई मशीनवर बसली की घरात कुणाचं ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहेच.

माझी तब्येत एकदम ठीक. तपासणीत ब्लडप्रेशर जरा वर निघालं, म्हणून स्टँडजवळच्या पूजा मॅडमकडे जातो. डॉक्टर मुलगी हुशार आहे, तुझ्याहून लहान असेल, पण भोळी. मी समोर ताठ उभा राहतो. ती म्हणते, "बसा काका." मग विचारते, गोळी रोज घेता ना? घेतो. काही त्रास? काही नाही. दोन मिनिटांत बाहेर.

आता तुला म्हणून सांगतो. पहिल्या गोळीनं आठवडाभरात माझे घोटे सुजले, बूट चढेनात. बूट न चढणारा सुभेदार म्हणजे काय राहिलं? मग मी ती गोळी रोज सकाळी खिशात टाकायचो आणि रानात गेलो की उसाच्या सरीत सोडायचो. पुढच्या वेळी मॅडमनी मशीन लावलं, प्रेशर जिथल्या तिथं. तिनं दुसरी गोळी वाढवली. तीही सरीत. मग तिसरी. आपल्या उसाचं प्रेशर सध्या एकदम नॉर्मल असणार.

हसू नकोस. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही सिक रिपोर्ट केला नाही. सकाळी रांगेत 'बीमार कौन?' असं विचारलं की पाऊल पुढं टाकायचं नसतं, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. वार्षिक तपासणीत डॉक्टर साहेब म्हणायचे, 'कोई तकलीफ?' आणि उत्तर एकच, 'नहीं साब.' तकलीफ सांगितली की तब्येतीची कॅटेगरी खाली, कॅटेगरी खाली की बढतीची फीत गेली. हे तुला मी भरतीच्या दिवशीच सांगितलं होतं. असो. तो विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी चालेल. खरं तर चालणार नाही, पण लिहिलेलं खोडत नाही.

आबा


३ जुलै २०२५

प्रिय ऋषिराज,

क्रांतीनं तुला फोनवर सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक. परवा मंगळवारी सकाळी राजनंदिनीला शाळेत सोडायला निघालो. पाटाच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि आम्ही दोघं कडेच्या उसात. तिचा डावा हात कोपराखाली मोडलाय. विट्याला नेऊन प्लास्टर घातलं, सहा आठवडे ठेवायचं आहे. मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही.

पोर रडली नाही रे. उसाच्या पाल्यात बसून मलाच विचारत होती, "आजोबा, तुमाला लागलं का?" प्लास्टर ओलं असतानाच तिनं त्यावर स्वतःचं नाव लिहून घेतलं. आता वर्गात तिचा भाव वधारलाय म्हणे.

आणखी एक गोष्ट. मागच्या आठवड्यात पावसानं दोन-तीन दिवस रानात जाणं झालं नाही. तुझ्या आईनं पँट धुवायला घेतली आणि खिशातून गोळ्यांचा गुलाबी लगदा निघाला. तो तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आवं, ह्ये काय हाय?" मी म्हणालो, गोळ्या आहेत. "ते दिसतंय मला. पोटात जायच्या त्या खिशात काय करत्यात?"

त्या दिवसापासून रोज सकाळी एका हातात तांब्या, दुसऱ्या हातावर तिन्ही गोळ्या. मी गिळल्या की म्हणते, "तोंड उघडा. जीब वर करा." इतकी कडक तपासणी माझी पलटणीतही कुणी केली नव्हती. तर आता गोळ्या वेळेवर चालू आहेत, सगळं शिस्तीत आहे. तू काळजी करू नकोस.

क्रांती मला काही बोललेली नाही. वाढते, पाणी आणून देते. फक्त 'आबा' म्हणत नाही. त्या कुत्र्याला मी तरी काय करणार होतो?

आबा


१० जुलै २०२५

प्रिय ऋषिराज,

कुत्रं नव्हतं.

हे एवढं एकच वाक्य लिहून पाकीट बंद करावं असं वाटत होतं. पण मग तुला काही कळणार नाही, म्हणून पुढचं लिहितो.

बिराप्पा धनगर तुला आठवत असेल. त्याची मेंढरं पाटापलीकडच्या रानात बसायला असतात. रविवारी तो पोरीला बघायला आला, तिच्या हातावर पेढा ठेवला आणि मला म्हणाला, जरा गोठ्याकडं चला. तिथं गेल्यावर म्हणाला, "सुभेदार, रस्त्याला कुत्रं न्हवतं. मी समोरच हुतो. तुमी बसल्या जागी कलला."

खरं तेच आहे. पाटाजवळ आलो आणि डोळ्यांपुढं आधी पिवळं, मग काळं झालं. राजनंदिनीनं शर्ट धरलेला तेवढा जाणवत होता. पुढचं आठवतं ते पाल्यात पडल्यावरचं.

बिराप्पाही पूजा मॅडमकडेच जातो. तो आत गेला की बाहेर बसलेल्या सगळ्यांना त्याच्या पोटाची हालहवाल कळते, इतकं सगळं सांगतो. आम्ही त्याला हसतो. त्या दिवशी तो मला हसला. म्हणाला, "मेंढरू बोलत न्हाई, म्हणून मला त्येचं तोंड उघडून, प्वाट चाचपून, लेंडी बगून औषध पाजाय लागतं. तुमाला देवानं बोलाय दिलंय, तरी तुमी मेंढरागत बसताय. मग त्या पोरीनं तुमची लेंडी बगायची व्हय?"

तोच मला घेऊन गेला. मी मॅडमपुढं उभा राहून सगळं सांगितलं. पाय सुजले, गोळ्या उसात टाकल्या, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि आता घरात पहारा बसल्यावर तिन्ही एकदम चालू केल्या. तिनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता झापणार. झापली असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हणाली, "काका, त्या गोळीनं पाय सुजतात हे मला माहीत आहे. बऱ्याच जणांचे सुजतात. तुम्ही नुसतं सांगितलं असतंत तर मी दुसरी दिली असती. मला वाटत होतं, गोळी लागू पडत नाही. म्हणून मी एकावर एक वाढवत गेले. चुकीच्या माहितीवर मी औषध लिहीत होते. आता तिन्ही एकदम पोटात गेल्या आणि प्रेशर धाडकन खाली आलं."

मी म्हणालो, "चूक झाली मॅडम. सजा द्या."

"मी तुमची साहेब नाही काका. इथं खरं सांगितलं म्हणून कुणाची फीत जात नाही. आधी खाली बसा."

मी बसलो. मग तिनं एकेक विचारलं. आणखी काय घेता? दुकानातून आणून काही खाता? गुडघ्यासाठी मी दुकानातून गोळी आणतो, दिवसाला दोन, दोन वर्षं झाली. ते मला औषधात धरायचं असतं हेच माहीत नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला. त्या गोळीनंही प्रेशर चढतं म्हणे. तीही बंद केली, त्या तीनही बदलल्या, आता एकच हलकी गोळी आहे. सकाळ-संध्याकाळ घरी प्रेशर मोजून वहीत लिहायचं, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून तिला दाखवायच्या, आणि ती सांगेपर्यंत मोटरसायकलला हात लावायचा नाही. जाताना तिनं छातीला वायरी लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. ती पट्टी ती बराच वेळ बघत होती. सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ म्हणाली. ते ठीकच असेल.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि क्रांतीला म्हणालो, कुत्रं नव्हतं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ह्यांनी पण असंच खरं सांगितलं हुतं आबा. तवा तुमी काय म्हणाला हुता?"

काय म्हणालो होतो ते मला पाठ आहे. तू पलटणीची गाडी चालवत होतास. दोनदा तुझ्या डोळ्यांपुढं अंधार आला, एकदा उभ्या उभ्या आणि एकदा स्टीअरिंगवर. तू गाडी कडेला घेतलीस, उतरलास आणि थेट डॉक्टरकडे जाऊन सांगितलंस. त्यांनी तुझ्याकडून गाडी काढून घेतली, स्टोअरला बसवलं, बढतीच्या कोर्सच्या यादीतून नाव गेलं. आणि भावकीची चार माणसं चहा पीत असताना मी म्हणालो, डॉक्टरपुढं बाईसारखा रडलास, तोंड मिटून बसला असतास तर आज हवालदार असतास.

तुझ्यामागं गाडीत बावीस पोरं बसलेली असायची. माझ्यामागं एकटी राजनंदिनी बसली होती, आणि तिच्यासाठीही माझं तोंड उघडलं नाही. आधी नाही आणि नंतर तर कुत्रं आणलं. तू बरोबर होतास. मी तुझी माफी मागतो. हे मी त्याच चार माणसांना चहाला बोलावून सांगणार आहे, तारीख क्रांतीनं ठरवायची.

आबा


३० जुलै २०२५

प्रिय ऋषिराज,

तू पत्रं वाचतोस असं क्रांती म्हणाली. तेवढं पुरेसं आहे. तुझी आई पंचमीला राजनंदिनीला घेऊन शिराळ्याला माहेरी गेलीय, क्रांती मशीनवर आहे, आणि मला लिहायला दुसरं निमित्त उरलेलं नाही.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितल्याचा आव आणला होता. सगळं नव्हतं.

सोमवारी क्रांतीबरोबर सांगलीला गेलो. हृदयाचे मोठे डॉक्टर, वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी पट्टी बघितली, स्वतः पुन्हा काढली. म्हणाले, "उसात पडलात ते गोळ्यांमुळं असेल. पण ही पट्टी काही वेगळं सांगतेय. पूर्वी कधी शुद्ध हरपली होती? तरुणपणी? पळताना, अचानक दचकल्यावर?"

मी म्हणालो, नाही.

"घरात कुणाला?" क्रांतीनं तुझं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि तुझ्याबद्दल तिला खोदून खोदून विचारलं. कधी होतं, काय करताना होतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुभेदार साहेब, हे मी पुन्हा विचारतो, कारण यावर बरंच अवलंबून आहे. ठोक्यांमधला हा दोष बापाकडून मुलाकडं जाऊ शकतो. तुम्हाला कधीच काही झालं नसेल तर मुलाच्या डॉक्टरांचा विचार एका वाटेनं जाईल. झालं असेल तर त्यांना वेगळं तपासावं लागेल. त्याचं औषध वेगळं असतं, आणि काही औषधं अशा माणसाला द्यायचीच नसतात."

क्रांती माझ्याकडं बघत होती. मी पुन्हा म्हणालो, नाही.

बाहेर आलो. क्रांती पुढच्या तारखेचा कागद घ्यायला खिडकीकडं गेली आणि मी बाकावर बसलो. माझ्याकडून आता कोण काय काढून घेणार होतं? पेन्शन घेऊन तेरा वर्षं झाली. कॅटेगरी नाही, फीत नाही, कोर्स नाही. तरी जीभ उचलत नव्हती. तिला एकच उत्तर माहीत होतं. मग समोर क्रांती दिसली, खिडकीशी तुझं नाव सांगत होती, ऋ कसा लिहायचा ते सांगत होती. मी उठलो आणि नंबर नसताना आत शिरलो. टेबलावर दुसरा पेशंट झोपला होता, त्याच्यादेखत बोललो. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे मुलाला कळवा. आजच."

आज कळवतोय, दोन दिवस उशिरा. यापुढचं तुझ्या डॉक्टर साहेबांसाठी आहे, म्हणून सरळ लिहितो.

पहिल्यांदा १९९३ च्या मे महिन्यात झालं. माझं वय सत्तावीस. दौडीच्या शेवटी शेवटी शुद्ध गेली. ऊन लागलं असं सांगून मी उठलो आणि दौड पूर्ण केली. दुसऱ्यांदा १९९६ च्या थंडीत. पहाटे अचानक भोंगा वाजला, मी अंथरुणातून उठलो तो जमिनीवर. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचा जोडीदार होता, त्याला शपथ घालून गप्प केलं. अंगाला झटके येत होते असं तो म्हणाला. तिसऱ्यांदा २००१ च्या उन्हाळ्यात, रजेवर असताना, आपल्या विहिरीवर. मोटर काढायला उतरलो होतो, घाईनं वर चढलो आणि काठावर पडलो. आत पडलो असतो. तेव्हा माझ्याजवळ एकच माणूस होता, तो तू. सात वर्षांचा.

मी डोळे उघडले तेव्हा तू माझा शर्ट ओढत होतास, तोंडानं आवाज निघत नव्हता तुझ्या. मी म्हणालो, झोप लागली होती रे, आईला सांगायचं नाही. तू नाही सांगितलंस. कधीच नाही.

आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये घरात पाऊल ठेवल्यावर तू पहिल्यांदा विचारलंस ते हेच. "आबा, विहिरीवर तुम्हाला झालं होतं ते काय होतं? तिकडं डॉक्टर विचारतात, घरात कुणाला आहे का." मी म्हणालो, असलं काही झालेलं नाही, तुला भास झाला असेल, स्वतःचं दुखणं बापाच्या गळ्यात घालू नकोस. मग तू काही बोलू नयेस म्हणून ते रडण्याचं आणि हवालदाराचं बोललो. चहा पिणाऱ्यांना वाटलं, सुभेदार पोराच्या फितीसाठी चिडलाय. मला भीती वाटत होती. अठ्ठावीस वर्षांची नोकरी खोटी ठरेल याची, आणि माझ्यामुळं तुला हे आलं असेल याची. दुसरी जास्त.

माझ्या पट्टीची झेरॉक्स आणि सांगलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आहे. हे पत्रही त्यांना दाखव, लाज वाटून घेऊ नकोस. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, त्यांना विचारूनच काय ते, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. हे तुला मी सांगतोय याचं हसू येत असेल तर ये. राजनंदिनीचीही पट्टी काढायची आहे, क्रांती पुढच्या आठवड्यात तिला घेऊन जाईल. तिला दुखत नाही हे मी समजावलंय, कारण माझी दोनदा काढून झालीय.

तू आमचा एकुलता एक आहेस. मला तू हवा आहेस, स्टोअरमध्ये बसलेला, कोर्स न केलेला, जसा असशील तसा. हे मी कधी बोललो नाही, आता बोलायला शिकतोय.

तुझे डॉक्टर साहेब पुन्हा विचारतील, घरात कुणाला असं झालं होतं का. तेव्हा त्यांना सांग, वडिलांना झालं होतं. मी सात वर्षांचा होतो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आबा